पाच वजने आणि मनातला आकडा

छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर आणि शेर ही पाच लोखंडी वजने ज्याने एकदा नीट ध्यानात घेतली, त्याला समोरच्या माणसाच्या मनातला आकडा ओळखण्यासाठी कोणत्याही सिद्धीची, साधनेची अथवा अंतर्ज्ञानाची आवश्यकता उरत नाही, हे मी उभा जन्म आडतीच्या पेढीवर काढलेला माणूस पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे. या पाचांतील प्रत्येक वजन आपल्या आधीच्या वजनाच्या दुप्पट असते. छटाक हा एक धरला, तर अदपाव दोन, पावशेर चार, अच्छेर आठ आणि शेर सोळा छटाकांचा. आणि यांतले प्रत्येकी एकच वजन पदरी असले, तरी एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंतचा कोणताही माल त्यांच्यावर तोलता येतो. इतकेच नव्हे, तर प्रत्येक तोलासाठी वजनांची एक आणि एकच जुळणी असते. अकरा छटाक हवे असतील तर अच्छेर, अदपाव आणि छटाक हीच तीन वजने पारड्यात पडली पाहिजेत. दुसरी कोणतीही जुळणी अकरा भरत नाही. जुन्या रुपयाचे हिशेबही असेच दुपटीने चालत: आणा, चवली, पावली, अधेली, रुपया. आणि धान्य मापताना कोळव्याचे चिपटे, चिपट्याचे मापटे, मापट्याचा शेर ही चढणही त्याच रीतीची.

मी मानवतच्या मोंढ्यात मुनीम होतो. मानवत ही कापसाची पेठ. सरकी वेगळी करणारे जिन, रुईच्या गाठी बांधणारे प्रेस आणि हंगामात पहाटेपासून लागलेली बैलगाड्यांची रांग हे या गावाचे वैभव, आणि गावापासून दूर असूनही गावाचेच नाव धारण करणारे मानवत रोड हे मनमाड–सिकंदराबाद मार्गावरील स्थानक ही त्या वैभवाची बाहेर जाण्याची वाट. मी पेढीवर बसलो तेव्हा मेट्रिक वजने आलेली होती. १९५६ च्या कायद्यान्वये आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-छटाक सरकारदरबारी रद्दबातल झाले, आणि आमच्या गोदामाच्या एका कोपऱ्यात ही जुनी वजने ढीग होऊन पडली. नवी पद्धत हिशेबाला निःसंशय सोयीची. तथापि एक, दोन, पाच, दहा या किलोच्या क्रमात प्रत्येकी एकच वजन घेऊन एका पारड्यात चार किलो तोलता येत नाहीत, दोनाचे वजन दुसऱ्यांदा लागते, ही गोष्ट मला माझ्याआधीच्या वृद्ध मुनिमांनी दाखविली, आणि तिथूनच त्यांनी मला हा खेळ शिकविला. मण म्हणजे चाळीस शेर. त्या एका मणाच्या दगडाचे असे कोणते चार तुकडे पडावेत की त्यांनी एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत सर्व काही तोलता यावे, हे कोडेही त्यांचेच. एक, तीन, नऊ आणि सत्तावीस हे त्याचे उत्तर आहे, मात्र त्यासाठी वजने दोन्ही पारड्यांत टाकण्याची मुभा हवी. या कोड्याने मला कित्येक रात्री झोप लागू दिली नाही, आणि त्या रात्रींबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

खेळ असा आहे. जुन्या खतावण्यांच्या पुठ्ठ्याचे पाच तुकडे घ्यावेत आणि त्यांवर एक ते एकतीस यांतील आकडे लिहावेत. ज्या आकड्याच्या तोलात छटाक लागतो, तो पहिल्या पुठ्ठ्यावर, ज्याच्या तोलात अदपाव लागतो, तो दुसऱ्यावर, पावशेर लागतो तो तिसऱ्यावर, याप्रमाणे शेरापर्यंत. अकरा हा आकडा मग पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अशा तीन पुठ्ठ्यांवर येईल. असे केले म्हणजे प्रत्येक पुठ्ठ्यावर बरोबर सोळा आकडे बसतात, आणि प्रत्येकावरचा पहिला आकडा अनुक्रमे एक, दोन, चार, आठ, सोळा असा येतो. समोरच्या माणसाने मनात एक आकडा धरावा आणि एकेक पुठ्ठा पाहून आपला आकडा त्यावर आहे अथवा नाही, एवढेच सांगावे. त्याने पहिला, तिसरा आणि पाचवा पुठ्ठा दाखविला की आपण त्यांवरचे पहिले आकडे मनातल्या मनात मिळवावेत: एक, चार आणि सोळा. त्याच्या मनात एकवीस आहे.

हा प्रयोग मी दिवाळीच्या वहीपूजनाला जमलेल्या मित्रमंडळींवर, सासुरवाडीच्या माणसांवर, लग्नघरी रात्री जागणाऱ्या पाहुण्यांवर आणि मोंढ्यातल्या हमाल-मापाड्यांवर केला. माणसांच्या तऱ्हा त्यात फार स्पष्ट दिसतात. एक अथवा एकतीस असा कडेचा आकडा सहसा कोणी धरीत नाही; माणसाला वाटते की कडेला उभा राहणारा लवकर सापडतो, म्हणून तो आपला आकडा गर्दीत लपवितो. काही जण पुठ्ठ्याकडे पाहताना डोळे एका जागी ठरू देत नाहीत, अशा समजुतीने की मी त्यांची नजर वाचतो आहे. एक मापाडी तर पुठ्ठा तोंडासमोर आडवा धरून, आवाजातही चढउतार येऊ न देता, “हाय... न्हाई... हाय...” असे म्हणत राहिला आणि मी सव्वीस म्हणताच पुठ्ठा खाली ठेवून कितीतरी वेळ माझ्या हातांकडे पाहत बसला. त्याने आपला चेहरा झाकला, डोळे झाकले, आवाज झाकला. पण पाच वेळा तोंड उघडले, आणि सगळा आकडा त्या पाच शब्दांतूनच बाहेर पडला होता. वस्तुतः एकतीस आकडे आणि काहीच न धरण्याची एक शक्यता मिळून बत्तीस होतात. प्रत्येक होकार-नकाराने त्यांतला अर्धा भाग गळतो. सोळा, आठ, चार, दोन आणि एक. पाच प्रश्नांनंतर लपण्यास जागाच उरत नाही.

कोणी म्हणेल की यापेक्षा सोपा खेळ प्रत्येक शाळकरी मुलाला येतो: मनात आकडा धर, दुप्पट कर, दहा मिळव, अर्धे कर, धरलेला आकडा वजा कर, पाच उरले. खरे आहे, पण त्या खेळात मनातला आकडा कळतच नाही, तो शेवटी वजा होऊन जातो, आणि उरते ते आपणच घातलेल्या दहांचे निम्मे. मला तो कधी रुचला नाही.

मोंढ्यात मात्र मनातले आकडे ओळखण्याचा एक फार जुना आणि फार गंभीर व्यवहार चालत असे, आणि त्याविषयी लिहिल्याखेरीज मला या खेळासंबंधी जे म्हणावयाचे आहे ते म्हणता येणार नाही. त्याला हत्ता म्हणत. खरेदीदार आणि अडत्या समोरासमोर येत, दोघांचे उजवे हात रुमालाखाली अथवा धोतराच्या सोग्याखाली जात, आणि तिथे बोटांना बोटांनी धरून भाव ठरे. किती बोटे धरली, कशी दाबली, पंजा धरला की सोडला, यावर सगळा सौदा. वर दोघेही हवापाण्याचे बोलत असत. मी पाहिलेला एक सौदा अजून डोळ्यांपुढे आहे: रुमालाची एक कड वाऱ्याने उडाली, तेव्हा अडत्याने डाव्या हाताने ती इतक्या सहजतेने खाली दाबली की त्याच्या बोलण्यातला शब्दही अडखळला नाही; आणि ज्याचा कापूस होता तो शेतकरी आपल्याच गाडीच्या जुवावर बसून त्या रुमालाकडे टक लावून पाहत होता. त्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल त्या वस्त्राखाली दोन परक्या माणसांना कळले होते, आणि त्याला मात्र ते नंतर सांगण्यात येणार होते, जेवढे सांगणे सोयीचे होईल तेवढे.

निजामी अमदानीत १३३९ फसलीच्या बाजार कायद्याने, आणि पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार अधिनियमाने, उघड लिलाव, परवानाधारक मापाडी आणि छापील हिशोबपट्टी यांचा आग्रह धरला, तो याच रुमालाच्या विरुद्ध होता. नंतर १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सरकारने आपल्याकडे घेतली आणि आमच्या पेढ्यांना ज्वारी, तूर, करडई यांवर भागवावे लागले, तो भाग वेगळा. पण त्या रुमालाने माझ्या मनावर एक गोष्ट कायमची कोरली. माल ज्याचा, त्याच्यापासून त्याच मालाचा भाव झाकून ठेवणे हा अन्याय होय. आणि मनातला आकडा ज्याचा, त्याच्यापासून तो कसा कळला हे झाकून ठेवणे, हाही त्याच जातीचा, आकाराने लहान असा अन्याय होय. जादूगारांच्या धंद्यात रहस्य राखणे हा धर्म समजला जातो आणि रंगमंचावर तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकापुरते ते मला मान्य आहे, कारण तिथे जादूगार स्वतःस जादूगार म्हणवितो आणि प्रेक्षक फसण्यासाठीच येतो. घरात आणि गावात तसे नसते.

गावात तसे का नसते, हे मानवतच्या माणसाला फोडून सांगावे लागत नाही. १९७२ चा दुष्काळ पडला, मराठवाडाभर माणसे खडी फोडण्याच्या कामांवर गेली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरापासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत आमच्या या गावच्या परिसरात एकामागून एक स्त्रियांचे आणि कोवळ्या मुलींचे खून होत राहिले. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांच्या लोभाने, मंत्रतंत्र जाणणाऱ्यांच्या सांगण्यावरून हे बळी घेतले गेले, असे फिर्यादीपक्षाचे म्हणणे होते. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे नामांकित पोलीस अधिकारी आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथील निकाल १९७७ मध्ये लागला. कोण दोषी आणि कोण निर्दोष याचा निवाडा न्यायालयांनी केलेला आहे, मी त्यात पडत नाही. मी एवढेच सांगतो की त्या काळात दिवेलागणीनंतर मानवतमध्ये मुलींना अंगणातही जाऊ देत नसत, आणि मोंढ्यातून घरी परतणारा प्रत्येक बाप दारातूनच आपल्या लेकीच्या नावाने हाक मारी. जमिनीखालचे आणि दुसऱ्याच्या अंतरातले आपणास दिसते असे म्हणणाऱ्याच्या शब्दाला गावात केवढे वजन येऊ शकते, हे ज्याने त्या दिवसांत पाहिले, त्याला पुठ्ठ्याच्या पाच तुकड्यांचा खेळसुद्धा निष्काळजीपणे करता येत नाही.

आणि तसा प्रसंग माझ्यापुढे आलाही. सासुरवाडीला एका बारशाच्या निमित्ताने जमलेल्या माणसांवर मी हा प्रयोग केला, आणि नेहमीप्रमाणे उलगडा करून सांगण्याआधीच जेवणाची पाने मांडल्याने मंडळी उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी नात्यातल्या एक वृद्ध आत्याबाई आल्या. त्यांच्या घरातून पुतळ्यांची माळ नाहीशी झाली होती आणि संशय धाकट्या सुनेवर होता. “जावईबापू,” त्या म्हणाल्या, “तुमाला मनातलं दिसतंय. एवढं आमच्या घरी येऊन पोरीच्या तोंडाकडं बघा, न्हाईतर मला देवरुषाकडं न्यावं लागतंय तिला.” देवरुषी काय करणार हे मला ठाऊक होते. संशयितांना मंतरलेले तांदूळ चावावयास द्यायचे, आणि ज्याच्या तोंडातले तांदूळ कोरडे राहतील तो चोर. भयाने लाळ आटते हे सत्य आहे आणि या युक्तीचा पाया तेवढ्या सत्यावर उभा आहे. परंतु चोरापेक्षाही अधिक भय अनेकदा त्या निरपराध माणसाला वाटते, ज्याच्यावर घराचा आधीच रोष आहे आणि ज्याचे कोणी ऐकणार नाही. त्या घरात अशी व्यक्ती एकच होती, आणि तिचे तांदूळ कोरडे राहणार हे सांगण्यास मनकवडेपणा लागत नव्हता.

मी आत्याबाईंना ओसरीवर बसविले, पुठ्ठे मागवून घेतले आणि त्यांच्या हातात दिले. त्यांना अक्षर येत नव्हते, पण आकडे येत होते, आणि शेर-छटाक तर त्यांच्या संसाराचे अंग होते. मी म्हणालो, “आता माझ्या मनात एक आकडा आहे, तो तुम्ही ओळखा,” आणि छटाक, अदपाव, पावशेर अशी नावे घेत एकेका पुठ्ठ्याचे मर्म त्यांना समजावून दिले. मी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पुठ्ठ्याला होकार दिला. त्या बोटांच्या पेरांवर अदपाव, पावशेर, अच्छेर असे मिळवीत गेल्या आणि म्हणाल्या, “चवदा.” मग क्षणभर थांबून, जणू एखादी उधारी चुकती झाल्यासारख्या स्वरात, त्या म्हणाल्या, “म्हंजी काल मीच तुमाला सांगितलं व्हय!” त्यांनी तेच सारे अंगणात उभ्या असलेल्या मोठ्या सुनेवर करून पाहिले, आणि दोनदा बरोबर आल्यावर धाकटीलाही हाक मारली. माळेचे पुढे काय झाले हे मी विचारले नाही. धाकट्या सुनेला देवरुषाकडे नेले गेले नाही, एवढे मात्र मी खात्रीने विचारून घेतले.

त्या दिवसापासून मी उलगडा कधीच उद्यावर टाकला नाही. पाने मांडलेली असोत, गाडीची वेळ झालेली असो, आकडा सांगितला की लगेच रीत सांगावयाची, आणि समोरच्याने ती दुसऱ्यावर एकदा तरी करून दाखविल्याशिवाय उठावयाचे नाही, असा दंडक मी स्वतःस घातला. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी पुढे महाराष्ट्रभर चमत्कारांची प्रात्यक्षिके करून त्यांची कृती तिथल्या तिथे सांगत हिंडले, तेव्हा त्यांच्या कार्याचे मोल मला या छोट्या अनुभवामुळे अधिक कळले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि नरबळी व जादूटोण्याविरुद्धचा कायदा त्याच वर्षी झाला, तेव्हा मानवतमधल्या माझ्या पिढीच्या माणसांना १९७२ चे ते दिवस आठवल्यावाचून राहिले नाहीत. एवढ्या उशिरा तो कायदा यावा, याचे दुःख मला अद्याप आहे.

मनातले ओळखण्याच्या बाबतीत फसविणारा आणि फसणारा यांच्या पलीकडे एक तिसराही प्रकार असतो, आणि तो मला सर्वांत मनोज्ञ वाटतो. आमच्याकडे सुगीच्या सुमारास नंदीबैलवाला येई. पाऊस पडेल का, पोरीचे लग्न जमेल का असे विचारले की बैल मान डोलावी. मालकाच्या हातातल्या दोरीचा आणि ढोलक्याच्या घुमण्याचा इशारा त्यास शिकविलेला असे, हे उघडच आहे. पण बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा एक घोडा होता. फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा. बेरीज-वजाबाकीचे उत्तर तो खूर आपटून देई, आणि जाणत्यांच्या समितीलाही त्यात लबाडी आढळली नाही. ओस्कार फुंगस्ट या मानसशास्त्रज्ञाने पुढे चिकाटीने तपास करून १९०७ मध्ये दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्यासच उत्तर ठाऊक नसेल, तर घोड्यालाही ते येत नाही. योग्य ठोका येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हाले, आणि घोडा तेवढ्यावर थांबे. फॉन ऑस्टेन प्रामाणिक होता. आपणच आपल्या घोड्याला उत्तर सांगतो आहोत हे त्याला अखेरपर्यंत पटले नाही. माझ्या मापाड्याने चेहऱ्यासमोर पुठ्ठा धरला होता, तो अगदी या घोड्यापासून बचाव करावा तसा. त्याचा तर्क चुकीच्या ठिकाणी लागू केलेला असला, तरी तर्क म्हणून तो बावनकशी होता.

आता हा खेळ माझ्या नातीकडे गेला आहे. तिने शेर पाहिलेला नाही आणि छटाक हा शब्द तिला माझ्याकडूनच कळला, परंतु संगणक सर्व काही शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहितो हे तिला शाळेत शिकविलेले असल्याने, पाच पुठ्ठे पाहताच ती म्हणाली, “आजोबा, पाचही वेळा नाही म्हटलं तर काय सांगणार? शून्यसुद्धा लिहायला पाहिजे.” लिहावयाचा कुठे, हे तिचे तिलाच कळेना, कारण शून्याच्या तोलात कोणतेच वजन लागत नाही आणि म्हणून तो कोणत्याच पुठ्ठ्यावर बसत नाही. तेव्हा मी तिला पिंगलाचार्यांच्या छंदःशास्त्रातील प्रस्ताराची गोष्ट सांगितली: पाच अक्षरांच्या चरणात लघु आणि गुरू यांच्या बत्तीस रचना होतात, आणि त्यांत सगळी अक्षरे लघु असलेलीही एक रचना असतेच.

आमच्यात मतभेद आहे तो उलगड्याच्या वेळेबद्दल. माझे म्हणणे, लगेच सांगावे. तिचे म्हणणे असे की वर्गात आधी स्पष्ट सांगावे, यात मंत्र नाही, हिशेब आहे आणि तो तुम्हाला सापडण्यासारखा आहे. मग पुठ्ठे त्यांच्या हाती देऊन थांबावे. पुष्कळ वाद झाल्यावर मी तिचे मान्य केले, कारण तिच्या रीतीत कोणापासून काही झाकलेले नसते. परवा तिच्या वर्गातल्या एका मुलाने ते शोधलेही, आणि माझ्या ध्यानात कधी न आलेल्या बाजूने शोधले. पाचही पुठ्ठे शेजारी मांडून त्याच्या असे लक्षात आले की पाचच आकडे असे आहेत, जे एकेकाच पुठ्ठ्यावर येतात आणि इतर कुठेही येत नाहीत: एक, दोन, चार, आठ, सोळा. तिथून पुढचे त्याने मधल्या सुट्टीत जुळविले. आता त्याला बत्तीसपासून सुरू होणारा सहावा पुठ्ठा लिहून त्रेसष्टपर्यंत जावयाचे आहे, आणि त्यासाठी आधीचे पाचही पुन्हा लिहावे लागतील हे ताडून, प्रत्येकावर बत्तीस आकडे मावतील असा मोठा पुठ्ठा तो बाजारात शोधतो आहे.